अनुक्रमांक सातच्या दातांतली फट

दिनांक ६ मे, मंगळवार. गेल्या वर्षीची गोष्ट. ठिकाण - जव्हार, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीतलं आमचं घर, पुढची खोली. हजर - १) मी, वय बावन्न, सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. २) माझी भाची प्राची, वय सव्वीस, शिक्षणाने दातांची डॉक्टर, पण कागदावर अजून नाही. ३) शेजारचे पवार सर, विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ते पेपर परत द्यायला आले होते आणि नेहमीप्रमाणे बसले. गैरहजर - ज्याने किंवा जिने हे केलं ती व्यक्ती.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. अनुभवांच्या या सदरात लोक लिहितात - अमुक वळणावर बाई दिसली, तमुक विहिरीतून हाक आली - ते वाचून मला भीती नाही, चीड येते. तारीख नाही, वेळ नाही, सोबत कोण होतं त्याचा पत्ता नाही. अठ्ठावीस वर्षं मी आवक-जावकचं रजिस्टर लिहिते आहे. ज्याची नोंद नाही ते झालंच नाही, असं आमच्याकडे धरतात. म्हणून हे सगळं नोंदींसकट लिहिते. ज्यांना हसायचं आहे त्यांनी पूर्ण वाचून मग हसावं.

प्राची माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बीडीएस परदेशात झाली. तिकडे शिकून आलं की इथे एक परीक्षा द्यावी लागते; ती पास झाल्याशिवाय नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर पेशंटच्या तोंडाला हात लावायचा नाही. प्राची दोनदा बसली आणि दोन्ही वेळा तिला एकाच विभागाने पाडलं - प्रोस्थो. म्हणजे पडलेल्या दातांच्या जागी कवळ्या, कृत्रिम दात बसवण्याचं शास्त्र. कारण साधं होतं. हा विषय हाताने शिकायचा, आणि तिची ती दोन वर्षं लॉकडाऊनमध्ये मोबाईलच्या पडद्यावर गेली. कॉलेजने फी पूर्ण घेतली, दात ज्यात बसवतात त्या मेणाला हात लावू दिला नाही. यावर कोणाला राग येत नाही, मला येतो.

तिसऱ्यांदा बसायची वेळ आली तेव्हा तिची आई म्हणाली, आता पुरे, हिचं लग्न करून टाकू. मी म्हटलं, जूनपर्यंत मुलगी माझ्याकडे पाठव.

ती आली त्याच दिवशी मी वेळापत्रक भिंतीला लावलं. सकाळी साडेसात ते बारा हातकाम आणि वाचन. बारा ते तीन जेवण आणि झोप, कारण पुढच्या खोलीवर पत्रा आहे आणि दुपारी तिथे बसवत नाही. तीन ते सात प्रश्नसंच. जेवणानंतर मी तोंडी प्रश्न विचारणार. मला दातांतलं काही कळत नाही, पण उत्तर पुस्तकात आहे तसंच आलं की नाही, एवढं कोणालाही तपासता येतं.

हातकामाला मेण आणलं, कृत्रिम दातांच्या पट्ट्या आणल्या, स्पिरिटचा दिवा आणला. जबड्यासारखं उघडमिट होणारं एक यंत्र तिच्याकडे होतंच. पण त्यावर बसवायला जबड्यांचे साचे लागतात. बिनदाताच्या हिरड्यांचे, प्लॅस्टरचे, वरचा आणि खालचा. प्राची म्हणाली की ते मुंबईहून मागवावे लागतील, आठ दिवस जातील. मी म्हटलं, थांब. माळ्यावर आहेत.

आता ते माळ्यावर कसे, ते सांगते. इथेच माझा पहिला राग आहे.

सात वर्षांपूर्वी वावर गावाच्या बाजूला एका पाड्यावर दातांचं शिबिर झालं. बाहेरून आलेली मंडळी होती, नाव लिहीत नाही. नोंदी ठेवायला मला ऑफिसकडून पाठवलं होतं. म्हाताऱ्या माणसांना मोफत कवळ्या मिळणार म्हणून लोक तीन-तीन तास चालत आले. अकरा जणांची मापं घेतली, साचे ओतले. फोटो काढले. फोटो भरपूर काढले. जाताना गाडीत जागा नाही म्हणून साच्यांचा खोका माझ्या घरी ठेवला - "मॅडम, पुढच्या महिन्यात घेऊन जातो." तो पुढचा महिना अजून यायचा आहे. मी चार पत्रं पाठवली, फोन केले. पुढे फोन लागेना. मग मीही थांबले. हे मी लपवत नाही.

खोका काढला तेव्हा प्राचीने एक साचा उलटा करून पाहिला आणि विचारलं, "मावशी, यांच्यावर नंबर नाहीत?"

नंबर होते. पेन्सिलीने खाली लिहिलेले, यादीतले अनुक्रमांक. पण दोन दिवाळ्यांपूर्वी मी माळा साफ केला. साचे काळवंडले होते, म्हणून ब्रशने घासून, धुऊन, गच्चीत ओळीने वाळत घातले. चकचकीत झाले आणि नंबर गेले. माझ्या नीटनेटकेपणाचं नात्यात सगळे कौतुक करतात. त्या दिवशी प्राची एकेक साचा उलटा करून नंबर शोधत बसली. ते मला जास्त लागलं.

म्हणजे अकरा जोड्या आणि कोणाची कुठली ते माहीत नाही. सरावाला काय फरक पडतो, असं मीच म्हटलं. तिने हाताला आला तो पहिला घेतला.

६ मे रोजी सकाळी तिने त्या साच्यावर मेणात वरचे पुढचे सहा दात मांडले. पुस्तकाप्रमाणे, एकाला एक लागून, मध्यरेषा बरोबर मध्ये. बारा वाजता खोलीला कुलूप लावून ती मागे आली. तीन वाजता उघडलं. संध्याकाळी सव्वासहाला मी ऑफिसातून आले तर ती यंत्र मांडीवर घेऊन बसलेली, समोर पवार सर.

वरच्या मधल्या दोन दातांत फट होती. चांगली दिसेल एवढी.

मी म्हटलं, नीट मांडले नसशील. ती म्हणाली, बारा वाजता फोटो काढलाय. फोटोत फट नव्हती. पवार सर म्हणाले, "मेण आहे ते. पत्र्याखाली दुपारी मऊ होणारच. पदार्थविज्ञान आहे, त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" कोणी घाबरलं नव्हतं. पण सरांना समजावून सांगायला घाबरलेलं माणूस लागतं.

मला पटलं. मी वहीत लिहिलं - "६ मे, मेण मऊ झाले, दोन दात सरकले. उपाय - ओला पंचा झाकणे."

७ मे. तिने दात पुन्हा जवळ आणले. ओला पंचा झाकला. तीन वाजता फट परत, तेवढीच. शिवाय मध्यरेषा डावीकडे गेलेली. सहाच्या सहा दात एकत्र सरकले होते, जसं बाकावर बसलेल्या माणसांना कोणी म्हणावं, जरा सरका. मेण वितळलं असतं तर दात खाली लोंबले असते, वाकडे झाले असते. हे रांगेत सरळ उभे होते.

आता मला प्राचीचाच संशय आला. तिसऱ्यांदा परीक्षा, मनावर ताण, अभ्यास टाळायला माणूस काय काय करतं. मी तिला तोंडावर विचारलं. ती रडली नाही, चिडली. म्हणाली, "मावशी, मला हे मांडायला पावणेतीन तास लागतात. मोडायला वेळ काढीन का मी?"

ते खरं होतं. मी तिला सॉरी म्हटलं नाही, पण संध्याकाळी तिच्या आवडीची अळूवडी केली.

८ मे, गुरुवार. त्या दिवशी मी ऑफिसच्या पद्धतीने काम केलं. बारा वाजता स्वतः घरी आले. दात मांडलेलं यंत्र टेबलावर, शेजारी पट्टी ठेवून फोटो. खिडकी आतून बंद. दाराला कुलूप, दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये. कुलपावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर माझी सही, पवार सरांची सही, तारीख, वेळ बारा वाजून दहा. कपाट सील करतो तसंच. प्राचीला पवार सरांच्या बायकोकडे बसवलं. मी ऑफिसात गेले. माझी हजेरी तिथे आहे, कोणाला बघायची असेल तर बघा.

तीन वाजता तासाभराची सवलत घेऊन आले. पट्टी अखंड. सरांनी चष्मा काढून, लावून, दोनदा पाहिली. उघडलं.

फट होती. मध्यरेषा डावीकडे होती. आणि वरचा डावा सुळा किंचित बाहेर वळलेला होता. हे नवीन होतं.

प्राचीने यंत्र उचललं आणि मेणावर बोट फिरवलं. मग ते बोट माझ्यापुढे धरलं. ओलसर होतं. त्या दिवशी पंचा झाकलाच नव्हता. पत्र्याखालच्या खोलीत टेबल, पुस्तकं, सगळं खडखडीत कोरडं.

"मावशी, चाकूची खूण नाहीये कुठे," ती हळू म्हणाली. "हे आतून रेटलंय. जिभेच्या बाजूने."

पवार सरांनी खिडकीची कडी तपासली. मग टेबलाखाली पाहिलं. मग म्हणाले, "बाष्प असेल," आणि घरी गेले. तीन दिवस पेपर मागायला आले नाहीत.

मी खरं सांगते, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. संताप आला. परीक्षेला महिना राहिला आहे, मुलगी तिसऱ्यांदा बसते आहे, तिची आई तिकडे स्थळं बघते आहे, आणि ह्या घरात कोणीतरी - जे कोण असेल ते - तिचं रोजचं काम बिघडवतं आहे. मी मोठ्याने बोलले, रिकाम्या खोलीत. काय म्हणायचंय ते सरळ सांगा, पोरीचा वेळ खाऊ नका. प्राचीने मला खुर्चीत बसवून पाणी दिलं.

त्या रात्रीचे तोंडी प्रश्न मी सोडले नाहीत. वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. प्रश्न होता, कवळीचे दात नेमके कुठे ठेवायचे हे कशावरून ठरतं. या प्रश्नावर ती आल्यापासून अडखळत होती. त्या रात्री तिने पुस्तक न बघता सांगितलं - जीभ आतून रेटते, गाल आणि ओठ बाहेरून रेटतात. दोघांचा जोर जिथे सारखा होतो तिथे दातांची जागा. आणि ती जागा नुसत्या साच्यावरून कळत नाही, माणूस समोर लागतो.

"आणि पुढच्या दातांत फट कधी ठेवतात?" मी पुढचा प्रश्न वाचला.

"पेशंटने मागितली तर."

मी पुस्तक मिटलं. मग मी उठले.

माझ्या कपाटात एक फाईल आहे, तिचं नाव ‘अपूर्ण’. शिबिराचं मूळ रजिस्टर ती मंडळी घेऊन गेली होती, पण मी कुठलाही कागद झेरॉक्स काढल्याशिवाय हातातून सोडत नाही. अकरा नावं. गाव. वय. ‘माप घेतले’ हा रकाना, अकराही खुणा. ‘कवळी दिली’, पूर्ण कोरा. आणि शेवटी ‘शेरा’. शेरा हा रकाना मीच वाढवला होता, कोणी सांगितलं नव्हतं.

अनुक्रमांक सात. सोमीबाई. गाव वांगणी. शेरा, माझ्या अक्षरात - "पुढच्या दोन दातांत फट ठेवावी असे म्हणतात. पूर्वी होती."

मला हे आठवत नव्हतं. इथे काही हुशार वाचक म्हणतील की मनात कुठेतरी आठवत होतं आणि मीच ते केलं. करा विचार. कुलूपबंद खोली, माझ्याच सहीची पट्टी, मी ऑफिसात, आणि दात मांडण्याची अक्कल मला शून्य. मी कसं केलं तेवढं फक्त सांगा.

शनिवारी, १० मेला, आम्ही वांगणीला गेलो. वावरपर्यंत जीप मिळाली, पुढे पायी. रस्त्याबद्दल लिहीत नाही, तो वेगळ्या रागाचा विषय आहे. सोमीबाईचं घर बंद. मुलगा आणि सून वीटभट्टीवरून अजून परतले नव्हते. शेजारच्या बाईने सांगितलं, म्हातारी लेकीकडे असते, मोखाड्याच्या बाजूला. "हाय ना जिती," ती म्हणाली, मी न विचारताच. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे.

रविवारी, ११ मेला, सकाळच्या गाडीने मोखाडा, तिथून रिक्षा, आणि शेवटचा अर्धा तास चढ. हजर - मी, प्राची, सोमी आजी, तिची लेक कमळ. कमळ अंगणवाडीत मदतनीस आहे, मराठी स्वच्छ बोलते. आजी तिच्या बोलीत बोलत होती, कमळ मधूनमधून मला सांगत होती. मला समजलं तसं लिहिते.

आजी ओट्यावर बसून नाचणी पाखडत होती. लहानशी, वाळलेली, तोंडात एकही दात नाही. मी नाव सांगितलं, शिबिराची आठवण करून दिली. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"तू ती लिहिणारी," ती म्हणाली. "मी सांगितलं ते लिहिलंस, हे मी बघितलेलं. मग कुठे मेली होतीस?"

मी ऑफिसात आजवर कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. तिचं ऐकलं. सात वर्षं, पेज आणि कालवलेला भात. जत्रेतलं मटण इतरांनी खाल्लं, हिने रस्सा प्यायला. पहिले दोन पावसाळे ती रस्त्याकडे बघत होती, गाडी येईल म्हणून. पाड्यावर तिची चेष्टा व्हायची - आजी, तुझे दात मुंबईत भाकर खातात. कमळ म्हणाली, आई, पुरे. आजी म्हणाली, तू गप, तुझे आहेत तोंडात.

मग मी खोलीतलं सांगायला सुरुवात केली, कशी करावी ते सुचत नव्हतं. तीच मध्ये बोलली. प्राचीकडे बोट करून.

"ही लावते का ते?"

प्राचीने विचारलं, काय?

आजीने सूप बाजूला ठेवलं. आठवडाभर, ती म्हणाली, दुपारी जेवून टेकलं की तोंडात काहीतरी येतं. कडक. डोळे मिटले की असतं, उघडले की नसतं. पहिल्या दिवशी तिला वाटलं, बाया आल्या वाटतं दात घेऊन, एवढ्या वर्षांनी. "पण लावले ते कोणाचे भलत्याचेच. शहरातल्या बाईचे. एकाला एक चिकटून. मी जिभेने सरकवले. दुसऱ्या दिवशी परत तसेच. किती वेळा सरकवायचं माणसाने? सांगितलेलं समजत नाही तुला?"

प्राची ओट्यावर तिच्यासमोर खाली बसली. कमळने मला सांगितलं की आई हे गेले पाच-सहा दिवस बोलतेय, आम्हाला वाटलं उन्हाने भ्रम झाला. मी तारीख विचारली. कमळने बोटांवर मोजलं. मंगळवार.

प्राचीने तिला हात लावला नाही. नोंदणी नाही तर हात नाही, हा नियम तिने तिथेही पाळला, आणि मला तिचा अभिमान वाटला. तिने फक्त म्हटलं, आजी, तोंड हळू मिटा. आजीने मिटलं. खालचा जबडा मिटता मिटता डावीकडे सरकला. प्राचीने पुन्हा मिटायला सांगितलं. पुन्हा डावीकडे, तेवढाच. तिने माझ्याकडे पाहिलं. वहीत ७ मेची नोंद होती, मध्यरेषा डावीकडे. दाखवायची गरज नव्हती.

"फट कशाला हवी आजी?" मी विचारलं. आमच्याकडे मुलीला फट असली तर स्थळं शोधताना लपवतात.

आजी पहिल्यांदा हसली. त्या फटीतून ती शीळ घालायची. डोंगराच्या या अंगाने घातली की त्या अंगाच्या शेळ्या फिरायच्या. दात गेले तशी शीळ गेली. कमळची हाक शेळ्या ऐकत नाहीत, नातवांची तर नाहीच. "पोटाला पेज आहे," ती म्हणाली. "शीळ कुठून आणू?"

मग तिने विचारलं, कधी देणार. प्राचीने सगळं खरं सांगितलं. हिरड्या सात वर्षांत झिजल्या, जुना साचा चालायचा नाही, नवीन माप घ्यावं लागेल, आणि माप घ्यायला आधी परीक्षा पास व्हावी लागेल. दोनदा नापास झालेय, हेही सांगितलं. मी ते सांगितलं नसतं.

आजीने सूप परत मांडीवर ओढलं. "मग कर ना पास," ती म्हणाली. "मी काय दुसरं करतेय दुपारची? मांड तू, मी सांगते."

सोमवारी सकाळी तिने मेण नवीन घेतलं. फट ठेवली, मध्यरेषा डावीकडे घेतली, सुळा वळवला, आणि या वेळी मागच्या दाढाही मांडल्या. बारा वाजता कुलूप. तीन वाजता उघडलं. पुढचे दात जागेवर. मागच्या दाढांपैकी एक बाहेर रेटलेली.

त्यानंतर महिनाभर हेच चाललं. मी दुपारच्या नोंदी ठेवल्या, सत्तावीस आहेत. पवार सरांना दाखवल्या. ते म्हणाले, नमुना छोटा आहे. प्राची मात्र रोज तीन वाजता यंत्र उघडून बघायची, काय बदललं, का बदललं, पुस्तकात शोधायची. सापडायचं. ज्या विषयाने तिला दोनदा पाडलं तो तिला कोणीतरी तोंडाच्या आतून शिकवत होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस काहीच बदललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मेण कोरडं. प्राची म्हणाली, "झालं वाटतं बरोबर."

परीक्षा झाली. ती पास झाली. त्या विभागात काय विचारलं, हे तिने मला सांगितलं नाही. प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असा नियम आहे, आणि मी विचारलंही नाही. तिच्या आईला मी एकच मेसेज टाकला - "स्थळं थांबव."

नोंदणीचा कागद यायला पावसाळा गेला. तो आला त्या शनिवारी आम्ही पुन्हा तो चढ चढलो, या वेळी सामान घेऊन. नवीन माप, नवीन साचा, तोंडात मेणाचा पट्टा ठेवून दोन जबडे कसे मिटतात त्याची नोंद, सगळं पुस्तकाप्रमाणे. घरी येऊन प्राचीने नवीन मांडणी केली आणि जूनमधली जुनी मांडणी शेजारी ठेवली. छोटी पट्टी घेऊन मोजत बसली. फट, मध्यरेषा, सुळा. मी आकडे लिहून घेतले. दोन रकाने केले, जुनं आणि नवीन. एकही आकडा वेगळा नाही. हिरड्या झिजल्या, पण दातांची जागा तीच.

कवळी बसवली तेव्हा आजीने आरसा मागितला नाही. जीभ फिरवली, डावीकडून उजवीकडे. मग ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि शीळ घातली. पहिली फुसकी गेली. दुसरी नीट गेली. समोरच्या उतारावर तीन शेळ्या होत्या. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. या शेळ्यांनी ती शीळ कधी ऐकलीच नव्हती. आजीने त्यांना जी शिवी दिली ती लिहिण्यासारखी नाही, पण तीही फटीतून स्वच्छ ऐकू आली.

हे झालं कसं, मला माहीत नाही. प्राचीला माहीत नाही. पवार सर अजून बाष्पावर आहेत. आजीला विचारलं तर ती उलट विचारते, माझ्या तोंडाचा साचा माझ्याशिवाय कोणाचं ऐकेल? मला हे उत्तर वाटत नाही, पण दुसरं माझ्याकडे नाही.

आता यादी. अकरापैकी सोमीबाईंना दिली. आणखी तिघे सापडले, त्यांनाही दिल्या; नवीन मापांशी ताडून प्राचीने त्यांचे जुने साचे ओळखले आणि बाजूला काढले. प्राची नाशिकला नोकरी करते आणि महिन्यातून एक शनिवार इथे येते. चार जण या सात वर्षांत वारले. त्यांच्या ‘कवळी दिली’ या रकान्यात काय लिहायचं, हे मला ठरवता आलेलं नाही. शिबिरवाल्यांना विचारावंसं वाटतं, पण त्यांचा फोन लागत नाही.

उरले तिघे. अनुक्रमांक दोन, पाच, अकरा. पाडा सोडला, कोणी म्हणतं वसईकडे गेले, कोणी म्हणतं भिवंडीला. शेऱ्यात काही नाही. त्या दिवशी घाई होती. फळीवर साच्यांचे सात जोड उरलेत, त्यांतले तीन या तिघांचे आणि चार गेलेल्यांचे, आणि कुठले कोणाचे हे सांगणारे नंबर मी स्वतः घासून काढले आहेत.

प्राचीने मला पुढचे सहा दात मांडायला शिकवलं. मला चार तास लागतात. रविवारी सकाळी एका साच्यावर मांडते, पुस्तकाप्रमाणे, एकाला एक चिकटून, मुद्दाम. बारा वाजता कुलूप लावते, पट्टी चिकटवते, सही करते. एकीला सांगता आलं तर बाकीच्यांना काय झालंय, असं मोठ्याने म्हणतेही.

आज चौथ्या साच्याची पाळी होती; आधीच्या तिघांवर काहीच हललं नव्हतं. तीन वाजता उघडलं. दात सकाळी ठेवले तसेच होते. मेणावरून बोट फिरवलं.

कोरडं.